पायलटशेजारची खुर्ची

केपुएलीच्या डोक्यात होता फक्त एक हार. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लिफुका बेटाबाहेरचे लोक त्याला बडेजाव करणारा माणूस समजतात. त्याला हवा होता एक हार, तोही मध्यम. शनिवारी दुपारी साडेतीनला सरकारी कंपनीचं छोटं विमान उतरेल, पायलट खाली येईल, आत्या तिच्या गळ्यात हार घालील आणि सव्वाचारला विमान परत राजधानीला, नुकुआलोफाला जाईल. इतका साधा बेत होता.

पायलट म्हणजे त्याची धाकटी बहीण, सेलुवाया. कॅप्टन म्हणून तिची ही पहिली फेरी, आणि तीही जन्मगावी. मुख्य कचेरीनं कळवलं होतं की ही फेरी वेळेत, म्हणजे त्याच दिवशी उजेडात, पार पडली तर शनिवारची आमच्या हापाई बेटांची फेरी कायमची तिच्याकडे येईल. नाही पडली, तर काय होईल ते कचेरीनं लिहिलं नव्हतं, पण केपुएलीला ते वाचता येत होतं. लिफुकाच्या धावपट्टीवर दिवे नाहीत, त्यामुळे सव्वापाचच्या पुढे विमान सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी आमच्या देशात देवळाच्या घंटेखेरीज काही हलत नाही. म्हणजे सव्वापाच टळले की विमान सोमवारपर्यंत उन्हात उभं, आणि अख्खं बेट प्रार्थनेला जाता-येता त्याच्याकडे बघत म्हणणार, केपुएलीच्या बहिणीनं आणलं आणि अडकवलं.

हार त्यानं स्वतः घालायचा प्रश्नच नव्हता. भाऊ-बहीण मोठे झाले की आमच्याकडे ते एका बाकावर बसत नाहीत, थट्टामस्करी करत नाहीत, एका खोलीत दोघंच थांबत नाहीत. बहिणीचा मान मोठा, आणि तो राखायचा म्हणजे अंतर राखायचं. केपुएलीचं अंथरूण बाराव्या वर्षी मुलांच्या झोपडीत गेलं आणि त्यानंतर दोघांचं जे बोलणं झालं ते बहुतेक आईमार्फत. गेली दोन वर्षं मात्र बरे दिवस आले होते. सेलुवाया मोठ्या विमानाची दुय्यम पायलट झाली, ते विमान उत्तरेच्या वावाउ बेटांकडे जाताना लिफुकावरून जायचं, आणि ती रेडिओवर विचारायची, "लिफुका, वारा काय म्हणतो?" केपुएली सांगायचा, "आग्नेयेकडून, बारा. ढग तुरळक." ती म्हणायची, "आभारी आहे, लिफुका." संध्याकाळी घरी जाऊन तो बायकोला, लुसेआनेला सांगायचा की आज बहिणीशी पोटभर बोलणं झालं.

लिफुकाच्या विमानतळावर एक पत्र्याची शेड आहे, एक टेबल, एक रेडिओ, एक वजनकाटा आणि एक केपुएली. तिकीट तोच फाडतो, सामान तोच चढवतो, वारा तोच मोजतो आणि धावपट्टीवरची डुकरंही तोच हाकलतो. बेटाचा एकुलता एक रस्ता धावपट्टीला आडवा छेदून जातो, म्हणून विमानाआधी वीस मिनिटं दोन्ही बाजूंची फाटकं लावून कुलूप घालायचं, ते कामही त्याचंच, आणि किल्लीही त्याच्याच खिशात. हे सगळं तो इस्त्रीच्या शर्टात, कमरेला नीट बांधलेल्या चटईत, आमच्याकडच्या मानाच्या पोशाखात, करतो, आणि गणवेश म्हणजे काय चीज असते हे ज्याला बघायचं असेल त्यानं त्याला डुकराच्या मागे धावताना बघावं.

पण त्याचा खरा अधिकार वजनकाट्याचा. विमान नऊ प्रवाशांचं, आठ मागे आणि एक थेट पायलटच्या शेजारी. असल्या विमानात कोण कुठे बसणार ते माणसाचा मान ठरवत नाही, वजन ठरवतं. त्यामुळे पास्टर असो की न्यायाधीश, प्रत्येकानं हातातल्या पिशवीसकट काट्यावर चढायचं आणि केपुएलीनं आकडा मोठ्यानं वाचायचा. पायलटला ऐकू जाईल अशा आवाजात वाचावा असा नियम आहे, असं तो सांगतो. हा नियम अजून कुणाच्या पाहण्यात आलेला नाही. एकदा त्यानं न्यायाधीशांना तीन किलो कोनफळं मागे ठेवायला लावली होती आणि म्हणाला होता, साहेब, काटा कुणाचा नातेवाईक नसतो. हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे तो ते सगळ्यांनाच ऐकवायला लागला.

आता खरी गोष्ट सांगतो. एकोणीस वर्षांत केपुएली स्वतः एकदाही विमानात बसला नव्हता. राजधानीला जायचं झालं की बोटीनं, ओकत ओकत. विचारलं की म्हणायचा, ड्यूटीवरच्या माणसानं प्रवाशाची जागा अडवू नये. लोकांना हे उत्तर फार थोर वाटायचं. कारण वेगळं होतं. नोकरीच्या अर्जात त्यानं आपलं वजन एकशे अठरा किलो लिहिलं होतं, आणि तेव्हा ते खरं होतं. दरवर्षी कचेरीकडून फॉर्म यायचा, दरवर्षी तो एकशे अठरा लिहायचा. आमच्याकडे जाडपणाची लाज कुणालाच नाही, भरल्या अंगाचा माणूस दिसला की आम्हाला बरंच वाटतं. लाज होती ती आकड्याची. दुसऱ्यांच्या तीन-तीन किलोंवर व्याख्यान देणाऱ्यानं त्या काट्यावर चढायचं कसं, हा प्रश्न त्याच्या पोटात एकोणीस वर्षं पडून होता, आणि पोट काही लहान होत नव्हतं.

तर हार. गुरुवारी संध्याकाळी कावाच्या बैठकीत, म्हणजे पुरुष मंडळी मुळांचं ते पेय पीत गप्पा मारत बसतात तिथे, त्यानं सहज विषय काढला, आणि तीच चूक झाली. शेजारी बसला होता फोनोकालाफी, म्हणजे शेजारच्याच घरातला, देवळाच्या बँडचा प्रमुख. अंगानं केपुएलीच्याच तोडीचा, आणि ज्या विषयातलं कळत नाही त्यात सल्ला द्यायला सदैव तयार. तो म्हणाला, "आत्या तोआकासे हार घालणार, ठीक. पण त्या शेडपासून विमानापर्यंत खडीवरून चालत जाणार का?"

वाटीतला कावा तसाच राहिला. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, वजन अठ्ठेचाळीस किलो, पण घराण्यात तिच्यापुढे बाकी सगळ्यांचं वजन शून्य. तिच्या भावानं तिच्यासमोर कधी पाय पसरले नाहीत, तिथे भाच्याची काय कथा. तेव्हा खडीवर झाडाच्या सालीचं कापड अंथरायचं ठरलं, हातानं कुटून, रंगवून केलेलं, पन्नास फुटी. कापड आलं की ते कुटणाऱ्या बायका आल्या, कारण आपलं कापड अनोळखी हातांनी अंथरलेलं त्यांना खपणार नाही. वीस बायका एका ठिकाणी गप्प उभ्या राहिल्यात असं लिफुकात घडलेलं नाही, तेव्हा गाणं आलं. नुसतं गाणं म्हणजे अंत्ययात्रा वाटेल, असं फोनोकालाफी म्हणाला आणि बँड आला. आणि एवढ्या लोकांना उपाशी परत पाठवायचं म्हणजे घराण्याची शोभा, म्हणून डुकरं आली, अळूच्या पानांत नारळाच्या दुधातलं मांस आलं, भट्टीसाठी खड्डा आला. बैठक उठली तेव्हा हाराचं कुणी नावही घेत नव्हतं.

शुक्रवार सरकारी कामात गेला. धावपट्टीजवळ दहापेक्षा जास्त माणसं जमवायची तर तीन प्रतींत अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज स्थानिक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. स्थानिक अधिकारी केपुएलीच. त्यानं सकाळी टेबलाच्या या बाजूला उभं राहून अर्ज ठेवला, पलीकडे जाऊन बसला, वाचला, आणि जमावाची नेमकी संख्या लिहिलेली नाही म्हणून परत केला. लुसेआने डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, अरे तुझाच अर्ज ना? केपुएली म्हणाला की आपल्यालाच सूट द्यायला लागलो तर न्यायाधीशांना कुठल्या तोंडानं अडवू. दुपारी दुरुस्त अर्ज आला. तो त्यानं मंजूर केला, पण अर्जदाराला अर्धा तास तिष्ठत ठेवून.

इथे कंपनीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्या देशाची विमान कंपनी ही आजवरची कितवी, यावर कावाच्या बैठकीत वाद होतात. एक फार मोठं विमान आणून बंद पडली, एक फार जुनं आणून. मग काही दिवस परक्यांची विमानं यायची, गोरा पायलट उतरायचा, घड्याळ बघायचा आणि जायचा. आता पुन्हा आपली कंपनी आहे. तिची दोन विमानं, एक मोठं आणि एक हे छोटं. शेपटीवर आमचा लाल रंग. आमच्या देशात आगगाडी नाही, मोठा पूल नाही, धरण नाही. पण ढगांतून तो लाल ठिपका दिसला की शेतातला माणूस कुदळ टेकवून वर बघतो आणि म्हणतो, आपलं आलं. केपुएलीला ते विमान दिसलं की रोजच छाती भरून यायची. शनिवारी तर आत बहीण होती.

शनिवारी त्यानं तीन दहाला नियमाप्रमाणे फाटकं लावली. आणि मग लक्षात आलं की बँड अजून पलीकडे आहे. फोनोकालाफी तेहतीस माणसं आणि सगळी पितळेची वाद्यं घेऊन उत्तरेच्या फाटकाशी उभा होता आणि ओरडून सांगत होता की दोन मिनिटांसाठी उघड. केपुएलीनं घड्याळ बघितलं, नियम आठवला, स्वतःच मंजूर केलेला अर्ज आठवला. तो दोन पावलं फाटकाकडे गेलाही. इतक्यात आभाळात आवाज आला.

विमान आठ मिनिटं आधी आलं होतं. कंपनीच्या इतिहासात, आणि तिच्या आधीच्या सगळ्या कंपन्या धरून, असं कधी झालं नव्हतं. उशिराची तयारी सगळ्यांची असते, लवकरची कुणाचीच नव्हती. रेडिओवर सेलुवाया वारा विचारत होती आणि सांगायला कुणी नव्हतं. केपुएली धावत शेडमध्ये शिरला, धापा टाकत म्हणाला, "आग्नेयेकडून, चौदा." मग ती म्हणाली, "लिफुका, सावकाश श्वास घ्या." एवढं खाजगी ती त्याच्याशी वीस वर्षांत बोलली नव्हती.

तिनं विमान असं उतरवलं की खडीनंही कुरकुर केली नाही. आत्या काठी टेकत उभी राहिली, बायकांनी कापड भरभर उलगडलं, गाणं सुरू झालं, आणि पलीकडून, फाटकाच्या आड, बँडनं भलतंच गाणं सुरू केलं. विमान वळून शेडसमोर आलं, पंख्यांचा वारा आला आणि पन्नास फुटांचं कापड जागचं उठलं. चार बायका त्यावर बसल्या. कापडानं त्यांना थोडं सरकवलं. पाचवी बसली तेव्हा ते थांबलं. पंखे बंद झाले. सेलुवाया पांढऱ्या शर्टात, कमरेला चटई बांधून उतरली आणि बसलेल्या बायकांच्या मधून वाट काढत आत्याच्या पुढे येऊन खाली बसली. आत्यानं हार घातला, तिचं डोकं हुंगलं आणि रडायला लागली. मग सगळेच रडायला लागले. केपुएली शेडच्या खांबाआड उभा राहून घड्याळाकडे बघत होता, निदान तो तसं सांगतो.

सेलुवाया कागदांवर सह्या करायला शेडमध्ये गेली, तसा केपुएली शिष्टाचार म्हणून बाहेर थांबला. आणि या दहा मिनिटांत बेटानं आपलं काम केलं. आमच्याकडे मान्यवराला रिकाम्या हातांनी पाठवत नाहीत. प्रत्येक घरानं काहीतरी आणलं होतं. कुणी चटई, कुणी कोनफळांची टोपली, कुणी आख्खं भाजलेलं डुक्कर केळीच्या पानांत गुंडाळून. शेवटी त्या पाच बायकांनी पन्नास फुटी कापडाचीही गुंडाळी केली, कारण ज्या कापडावरून कॅप्टन चालली ते आता कॅप्टनचंच. आणि सगळं प्रेमानं, ठासून, शेपटीकडच्या कप्प्यात भरलं. विमान आधी काही बोललं नाही. मग त्याचं नाक सावकाश वर जायला लागलं.

सगळं गाव जागच्या जागी थिजलं. आपलं विमान, शेपटीवर आपला लाल रंग, आणि ते कुत्र्यासारखं मागच्या अंगावर बसायच्या बेतात. केपुएली धावला आणि नाकाला लोंबकळला. चाक परत खडीला टेकलं. तो तसाच लोंबकळत असताना बहीण बाहेर आली. तिनं शेपटीखाली वाकून बघितलं, हात फिरवला, सरळ झाली. "शेपूट टेकलेलं नाही," ती कुणालाही न बघता म्हणाली. मग त्याच्या दिशेनं, पण त्याच्या खांद्याच्या वर बघत, "ऑफिसर, वजनाचा तक्ता."

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. केपुएलीनं दोन पोरांना नाकाला धरून ठेवायला लावलं आणि पेन्सिल घेऊन बसला. प्रवासी म्हणजे नेटबॉलच्या शाळकरी मुली सात, सोमवारी सकाळी राजधानीत सामना असलेल्या, एकजात काटक. आठवी आत्या, भाचीच्या विमानातून राजधानी बघायला निघालेली. आणि पायलटशेजारच्या खुर्चीत पोस्टातला एक किडकिडीत कारकून. एकूण वजनात अजून भरपूर जागा होती, पण सगळा भार शेपटीला. आहेर उतरवला तर हिशेब लगेच जुळत होता. केपुएलीनं फक्त मान वर करून त्या कप्प्याकडे बघितलं, तर पन्नास घरांनी एकदम त्याच्याकडे बघितलं. दिलेली चटई परत घरी नेणं म्हणजे काय ते आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा बेरीज केली. उत्तर तेच आलं. पुढच्या खुर्चीत निदान एकशे चाळीस किलोंचा माणूस हवा होता.

कारकून आनंदानं उतरला. भट्टीचा वास त्याला केव्हाचा येत होता. आता एकशे चाळीस किलोंची माणसं लिफुकात थोडी का आहेत? पण पास्टरांना उद्या प्रवचन. फाटकापलीकडून फोनोकालाफीला विचारलं, तर उद्या बँड. प्रत्येकाला रविवार होता आणि परतीचं विमान सोमवारी. एक गवंडी तयार झाला, तर आत्या काठी आपटून म्हणाली की माझ्या भाचीच्या खांद्याला खांदा लावून परका पुरुष तासभर बसणार नाही. साडेचार वाजले. सेलुवाया पंखाखाली उभी राहून पश्चिमेकडे बघत होती. तिनं कुणाला घाई केली नाही, तक्रार केली नाही, पण हातातली टोपी ती गोल गोल फिरवत होती. लहानपणी परीक्षेच्या सकाळी ती झग्याचं टोक असंच फिरवायची. केपुएलीला ते आठवलं आणि त्यानं तीच बेरीज पुन्हा एकदा केली.

तेव्हा आत्या त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू किती आहेस रे?" तिनं विचारलं.

"मी ड्यूटीवर आहे, आत्या."

"ते विचारलं नाही."

"आणि तिच्या शेजारी मी कसा बसू? मी भाऊ आहे तिचा."

"मला शिकवतोस?" आत्या म्हणाली. "लांब राहा असं तुला का सांगितलं होतं? बहिणीचा मान राहावा म्हणून. आज लांब राहिलास तर तिचा मान इथे खडीवर पडून राहील सोमवारपर्यंत. मी सांगते, बस. कुणी बोललंच तर मला येऊन विचारू दे."

आत्याला येऊन विचारणारा माणूस लिफुकात जन्मलेला नाही. राहता राहिला काटा. केपुएलीनं शर्ट खाली ओढला, कमरेची चटई सारखी केली आणि सगळ्या बेटासमोर आपल्याच काट्यावर चढला. आता आकडा वाचायचा कुणी? त्याला स्वतःला तर तो वाकूनही दिसत नव्हता. लुसेआने पुढे झाली, वाकली, सरळ झाली आणि नवऱ्याकडे बघितलं. त्या नजरेत एकोणीस वर्षांचे डबे होते. "पायलटला ऐकू जाईल असं वाच," तो पुटपुटला. "नियम आहे."

"एकशे सेहेचाळीस," लुसेआनेनं वाचलं.

मग गर्दीतून न्यायाधीशांचा शांत आवाज आला की काटा कुणाचा नातेवाईक नसतो. आणि सबंध लिफुका हसलं, आत्या हसली, त्या सात मुली एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. केपुएली कानापर्यंत लाल होऊन उभा होता. पण पंखाखाली सेलुवायानं तक्ता हातात घेतला, आकडा लिहिला, बेरीज तपासली आणि म्हणाली, "जुळलं." आणि एवढ्यानं त्याला काट्यावरच जरा बरं वाटायला लागलं.

चार पन्नासला विमान सुटलं. केपुएली दोन्ही हातांनी गुडघे धरून समोर बघत होता. पट्ट्याला दुसरा पट्टा जोडावा लागला होता. खांदा बहिणीच्या खांद्याला लागू नये म्हणून तो दाराकडे इतका रेलला होता की दाराला काळजी वाटावी. धावपट्टी मागे पळाली आणि बेट तिरकं झालं. त्यानं पहिल्यांदाच आपली पत्र्याची शेड वरून बघितली. केवढीशी होती. शेजारी काटा उन्हात चमकत होता. दोन्ही फाटकांशी ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या, आणि बँड अजून पलीकडेच होता.

त्यानं खिशावर हात ठेवला. किल्ली खिशात होती.

आता हे सांगायचं कुणाला? पायलटशी बोलायचं नाही, आणि मागे वळायचं तर पट्टा. त्यानं खूप विचार केला आणि समोरच्या काचेला उद्देशून म्हणाला की लिफुकाची फाटकं बंद आहेत आणि किल्ली विमानात आहे. सेलुवायानं मान हलवली नाही. पण रेडिओवर तिनं शेडमध्ये बसलेल्या लुसेआनेला कळवलं, आणि जरा वेळानं लुसेआनेचा आवाज आला. फोनोकालाफीनं फाटक बिजागऱ्यांसकट उचलून बाजूला ठेवलं होतं आणि बँड डुकरांपर्यंत पोहोचला होता. वारा आग्नेयेकडून, बारा. बहिणीचे खांदे हलताना त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले. ती हसत होती.

मग तिनं प्रवाशांसाठीचा माईक उचलला. नेहमीचं बोलली, उंची, वेळ, पट्टे बांधून ठेवा. आणि मग म्हणाली, "आज आपल्यासोबत लिफुकाचे अधिकारी आहेत. एकोणीस वर्षांत त्यांनी पाठवलेलं एकही विमान वाकडं उडालेलं नाही. मी शिकत होते तेव्हा घाबरले की त्यांच्याकडून वारा विचारून घ्यायचे. वारा मला दिसत असायचा, तरी विचारायचे. आज विमानाचा तोल त्यांच्यामुळे राहिला आहे. एवढंच सांगायचं होतं."

मागून आत्यानं मोठ्यानं नाक शिंकरलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. केपुएली समोर बघत राहिला, समुद्रावर ऊन चमकत होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते उन्हामुळेच आलं होतं असं तो अजून सांगतो. एवढं मात्र खरं की राजधानी येईपर्यंत तो दाराकडे रेलायचं विसरला होता.

पाच पस्तीसला, उजेड चांगला असताना, विमान नुकुआलोफाला उतरलं. काचेमागे बसलेल्या कंपनीच्या कारकुनानं फेरी वेळेत पार पडल्याची नोंद केली आणि केपुएलीला सोमवारच्या परतीचं विचारलं. रजिस्टर उघडून तो स्वतःच म्हणाला, "तुमचं वजन आहेच आमच्याकडे. एकशे अठरा. मागच्या रांगेत टाकतो."

केपुएलीच्या मागे आत्या उभी होती, मुली उभ्या होत्या, आणि चार हात लांब, नियमाप्रमाणे पाठ करून, हातात टोपी घेतलेली कॅप्टन उभी होती.

"एकशे सेहेचाळीस," केपुएली म्हणाला, आणि तो आवाज धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला असेल. "आणि खुर्ची पुढची."

"पुढचीच कशाला?" कारकुनानं विचारलं. "कारण लिहावं लागतं."

"लिही," केपुएली म्हणाला. "पायलटचा भाऊ."